लिलावापूर्वीची मनाई

२००८ साली मी एका हिंदी भाषिक राज्यात जिल्हा दंडाधिकारी होतो. एका सकाळी सहीसाठी आलेल्या फाइलींमध्ये एका बँकेचा अर्ज होता. कर्ज थकले आहे, तारण ठेवलेल्या घराचा ताबा घ्यायचा आहे, तरी पोलीस बंदोबस्तात ताबा मिळवून द्यावा, अशी विनंती होती. २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १४ खालचे असे अर्ज तोवर नेहमीचे झाले होते. कार्यालयाने टिपणी व्यवस्थित लिहिली होती, ताबा घेण्यासाठी तहसीलदाराची नेमणूक सुचवली होती, तारीखही घातली होती. सही करायला दोन मिनिटे लागली असती.

त्याच दिवशी जनसुनावणीत एक विधवा बाई आली. तिचे घर आणि फाइलीतले घर एकच होते. घर मूळचे सासऱ्यांचे. ते वारल्यावर नगरपालिकेच्या कर आकारणीच्या नोंदवहीत फक्त धाकट्या दिराचे नाव लागले, आणि मूळ खरेदीखतही त्याच्याच पेटीत राहिले. ते खत बँकेत ठेवून त्याने दुकानासाठी कर्ज काढले. बाई आणि तिची दोन मुले घराच्या मागच्या अर्ध्या भागात पंधरा वर्षे राहत होती. "साहब, कर्ज़ मैंने नहीं लिया, और घर सिर्फ़ उनका नहीं है," एवढेच ती पुनःपुन्हा सांगत होती. तिच्याजवळ सासऱ्यांच्या हयातीत झालेले वाटणीपत्र होते, पण ते साध्या कागदावर, नोंदणी नसलेले. दिवाणी न्यायालयात ती जाऊन आली होती. तेथे तिला सांगण्यात आले की कलम ३४ मुळे आमचे हात बांधलेले आहेत. कर्जवसुली न्यायाधिकरण दुसऱ्या शहरात होते, रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर.

तिला हवा होता तो दोन ओळींचा एक कागद: मालकी कोणाची हे ठरेपर्यंत घर विकू नये. कायद्याच्या भाषेत याला मनाई हुकूम म्हणतात, कचेरीच्या भाषेत 'स्टे'. असा कागद देण्याचा अधिकार मला नव्हता, आणि ज्यांना होता त्यांच्यापैकी एकाने तो नाकारला होता. हे असे कसे झाले, हे शोधण्यासाठी त्या वर्षी मी बरेच जुने कायदे चाळले. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे फलित आहे.

प्रारंभ इंग्लंडपासून करणे भाग आहे, कारण आपल्या दिवाणी न्यायालयांनी मनाई हुकमाची कल्पना तिथूनच घेतली. तेथील जुन्या रिवाजाप्रमाणे गहाणखत म्हणजे प्रत्यक्षात अटीवर केलेली विक्री असे. ठरलेल्या दिवशी पैसे परत केले नाहीत, तर जमीन धनकोची झाली. एक दिवस उशीर झाला तरी झाली, आणि कर्ज जमिनीच्या किमतीच्या दहावा हिस्सा असले तरी झाली. कॉमन लॉची न्यायालये कराराचे शब्द पाहत, आणि त्यांच्याकडून याहून वेगळा निवाडा मिळणे शक्य नव्हते. ऋणको मग राजाच्या चॅन्सेलरकडे धाव घेई. चॅन्सेलर त्या न्यायालयांचा निवाडा रद्द करीत नसे, तसा त्याला अधिकारच नव्हता. तो फक्त धनकोला व्यक्तिशः बजावी की हातात निवाडा असला तरी तू त्याची अंमलबजावणी करायची नाहीस, केलीस तर तुरुंगात जाशील. मनाई हुकमाचे मूळ स्वरूप हे असे आहे. आजही तो माणसावर बजावला जातो, जमिनीवर नाही.

या दोन अधिकारांमधला झगडा १६१५ मध्ये 'अर्ल ऑफ ऑक्सफर्ड'च्या खटल्यात निकराला आला. तो खटला गहाणाचा नव्हता, मालकीचा होता. केंब्रिजच्या एका कॉलेजने लंडनमधली आपली जमीन पूर्वी विकली होती. ती हातोहात जाऊन अखेर अर्लकडे आली आणि तिच्यावर घरे उभी राहिली. त्यानंतर मूळ विक्रीच कायदेशीर नव्हती, असा मुद्दा कॉलेजच्या बाजूने काढण्यात आला. मुख्य न्यायाधीश कोक यांनी तो मान्य केला, तर चॅन्सेलर एल्स्मियर यांनी मनाई करून त्या निवाड्याची अंमलबजावणी रोखली. १६१६ मध्ये राजा पहिला जेम्स याने चॅन्सेलरच्या बाजूने कौल दिला. याच परंपरेत सतराव्या शतकात गहाण सोडवण्याचा हक्क रुजला: मुदत टळली तरी वाजवी काळात पैसे भरून ऋणको आपली जमीन सोडवू शकतो, आणि करारात काहीही लिहून तो हक्क काढून घेता येत नाही. पण मग धनकोने अनंत काळ वाट पाहायची काय? त्यावरचा उतारा म्हणजे फोरक्लोजर. न्यायालयाने शेवटची मुदत द्यायची, आणि तीही टळली की सोडवणुकीचा हक्क कायमचा बुडाला असे जाहीर करायचे. म्हणजे फोरक्लोजर हा मुळात न्यायालयाचा हुकूम आहे. न्यायालयाला बाजूला ठेवून करण्याची ती कृती नव्हे. पुढे अडीचशे वर्षांत जे घडले ते समजण्यासाठी हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

हिंदुस्थानात कंपनी सरकारने प्रथम या प्रश्नाला हात घातला तो बंगालमध्ये. तेथे अटीच्या विक्रीला 'बय-बिल-वफा' म्हणत. आपल्याकडे तिलाच 'गहाण लहाण' हे नाव होते: अमुक दिवशी पैसे दिले नाहीत तर हे गहाणखतच खरेदीखत समजावे. १७९८ च्या आणि विशेषतः १८०६ च्या रेग्युलेशनने असे ठरवले की धनकोने आधी जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज करावा, न्यायाधीशाने ऋणकोला नोटीस बजवावी, आणि नोटिशीपासून एक वर्ष लोटल्यावरच विक्री पक्की व्हावी. त्या काळच्या राज्यकर्त्यांविषयी आपले मत काहीही असो, एका कुळवाड्याला पूर्ण एक वर्ष, म्हणजे सर्व हंगाम, देण्यात व्यवहाराची जाण होती, असे मला वाटते.

मुंबई इलाख्यात ते रेग्युलेशन नव्हते. येथे १८६२ मध्ये उच्च न्यायालय स्थापन झाले, आणि दोनच वर्षांत, 'रामजी विरुद्ध चिंतो' या १८६४ च्या निकालात, त्याने गहाण लहाणाच्या अटीला गहाणच मानून सोडवणुकीचा हक्क लागू केला. लंडनमधल्या प्रिव्ही कौन्सिलला हे पटले नाही. मद्रासच्या एका प्रकरणात १८७० मध्ये तिने म्हटले की हिंदुस्थानच्या जुन्या कायद्यात असा हक्क नाही, आणि करार जसा लिहिला आहे तसाच पाळला जावा. गंमत अशी की इंग्लंडच्या शेतकऱ्याला त्याच काळात जो हक्क निर्विवाद मिळत होता, तो इथल्या शेतकऱ्याला नाकारताना इथल्याच परंपरेचा दाखला देण्यात आला.

या वादाचा निकाल कायद्याच्या पुस्तकात लागण्याआधी तो दख्खनच्या रस्त्यांवर आला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूरजवळच्या कर्डे गावी एका सावकाराने गावच्या देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवला, त्याचे घर घेतले आणि ते पाडायला काढले. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात उठाव झाला, आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आपण 'दख्खनचे दंगे' या नावाने हे वाचलेले असते. पण प्रशासकाच्या नजरेने पाहिले तर एक तपशील फार बोलका आहे. जमावाने ठिकठिकाणी मागितले ते कर्जरोखे आणि हुकूमनामे, आणि जाळले तेही तेच. ज्याला न्यायालयातून मनाई मिळू शकत नव्हती, त्याने कागदच नाहीसा केला.

चौकशी आयोगाने दाखवून दिले की बहुसंख्य हुकूमनामे एकतर्फी होते. समन्स पोहोचले की नाही याची धड खात्री नाही, शेतकरी हजर नाही, आणि रोखा पुढे आला की हुकूमनामा झाला. शिवाय १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाची मुदत तीन वर्षांवर आणल्यामुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची पद्धत पडली होती. ऋणकोचे हित म्हणून केलेल्या कायद्याने ऋण दुप्पट केले, असा हा प्रकार.

त्यातून आला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयावर जाण्यापूर्वी याच कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून काम केले होते. या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन पहिल्या देवघेवीपासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला, आणि कर्जापायी तुरुंगवास बंद केला. शेतकऱ्याची जमीन विशेषकरून गहाण दिलेली नसेल तर ती जप्तीतून व लिलावातून वगळली. आणि ज्या तरतुदीने माझे लक्ष वेधले ती अशी: न्यायालय जमीन विकण्याऐवजी जिल्हाधिकाऱ्याला सांगू शकत असे की ही जमीन तू सात वर्षांपर्यंत आपल्या ताब्यात घे, तिच्या उत्पन्नातून धनकोचे देणे भागव, आणि नंतर ती परत कर.

म्हणजे जिल्हाधिकारी हा जमीन वाचवणारा अधिकारी होता. हे केवळ दख्खनपुरते नव्हते. १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आणि पुढे १९०८ च्या संहितेच्या कलम ६८ ते ७२ व तिसऱ्या परिशिष्टात, सरकारने जाहीर केलेल्या भागांत जमिनीच्या लिलावाचे हुकूमनामे जिल्हाधिकाऱ्याकडे वर्ग होत. तो जमीन खंडाने देऊन, अंशतः गहाण ठेवून किंवा स्वतः व्यवस्था पाहून लिलाव टाळण्याचा प्रयत्न करी. ही कलमे १९५६ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. माझ्या पिढीतल्या बहुतेक अधिकाऱ्यांना ती अस्तित्वात होती हेसुद्धा ठाऊक नसते. मलाही नव्हते.

अर्थात १८७९ च्या कायद्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. विशेष गहाण नसेल तर लिलाव नाही म्हटल्यावर सावकारांनी गहाणखते घेणे सुरू केले, आणि गहाणाचा हिशेब उकरला जातो असे दिसल्यावर सरळ खरेदीखते लिहून घेणे सुरू केले. वर तोंडी वचन असे की पैसे फेडलेस की जमीन परत. शेवटी १९०७ मध्ये कलम १०-अ घालून, वरकरणी खरेदी दिसणारा व्यवहार प्रत्यक्षात गहाण होता की काय याचा तोंडी पुरावा घेण्याची मुभा न्यायालयाला द्यावी लागली. कायद्याने एक दार लावले की व्यवहार दुसरे शोधतो.

इकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाणाचे प्रकार आणि सोडवणुकीचा हक्क (कलम ६०) लेखी केला. मुंबई इलाख्याला तो १८९३ पासून लागू झाला. फोरक्लोजरचा हुकूम मुख्यतः अटीच्या विक्रीच्या गहाणापुरता राहिला. इतरत्र धनकोला लिलावाचा हुकूमनामा मागावा लागे. १९०८ च्या संहितेच्या आदेश ३४ प्रमाणे आधी प्राथमिक हुकूमनामा, मग पैसे भरायला सहा महिन्यांपर्यंत मुदत, योग्य कारण दाखवले तर आणखी मुदत, आणि मग अंतिम हुकूमनामा. बंगालच्या एका वर्षाचे सहा महिने झाले, पण मुदत न्यायाधीशाच्या हाती राहिली.

याच कायद्यात, फारसा गाजावाजा न होता, एक वेगळी वाट होती. कलकत्ता, मद्रास, मुंबई, कराची, रंगून अशा व्यापारी शहरांत केवळ मालकीचे दस्तऐवज धनकोजवळ ठेवून गहाण करता येत असे. त्याला लेखी खत लागत नाही, म्हणून नोंदणीही लागत नाही. पेढीवर बसलेल्या व्यापाऱ्याची सोय म्हणून ही पद्धत आली. पुढे सरकारे राजपत्रातून गावोगावची नावे जोडत गेली आणि स्वतंत्र भारतात बँकांचे घरकर्ज बव्हंशी याच पद्धतीवर उभे राहिले. माझ्या फाइलीतल्या दिराने हेच केले होते. ज्याच्या हाती पेटीची किल्ली, तो बँकेच्या दृष्टीने मालक. घरातल्या इतरांना कळते ते दारावर नोटीस चिकटल्यावर.

येथे मालकीच्या नोंदींविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सारा गुंता त्यात आहे. आपल्या देशात सरकार मालकीची हमी देत नाही. नोंदणी कार्यालय दस्त नोंदवते. दस्त करून देणाऱ्याला मालकी होती की नाही हे ते तपासत नाही. सातबाऱ्यावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी समजावी, एवढेच महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ म्हणते. इतर राज्यांतही थोड्याफार फरकाने असेच आहे. नगरपालिकेची कर आकारणी तर मालकीचा पुरावाच नव्हे. ज्यांचे वडिलोपार्जित घर गावाकडे आहे आणि आपण स्वतः इंदूर, बडोदा, बंगळूर किंवा परदेशात आहोत, अशा वाचकांनी आपल्या वारसनोंदी कधी तपासल्या आहेत काय? बहुतेकांचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण माझेही तेच होते. गावच्या आमच्या घराच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षे तसेच होते.

अशा देशात 'जमीन कोणाची' हा प्रश्न लिलाव तोंडावर आल्यावरच विचारला जातो. म्हणूनच १८५९ च्या पहिल्या दिवाणी संहितेपासून दोन तरतुदी बरोबरीने चालत आल्या आहेत. जप्त मालमत्तेवर तिसऱ्या इसमाने हक्क सांगितला तर त्याची चौकशी (आजचा आदेश २१ नियम ५८), आणि दावा चालू असताना मालमत्ता विकली जाण्याची भीती असेल तर तात्पुरती मनाई (आजचा आदेश ३९ नियम १). मनाई देताना न्यायाधीश तीन गोष्टी पाहतो: अर्जदाराची बाजू प्रथमदर्शनी खरी वाटते काय, मनाईने कोणाची अडचण अधिक होईल, आणि ती नाकारल्यास पैशाने भरून न येणारे नुकसान होईल काय. राहते घर गेल्यावर ते भरून येत नाही, हा शेवटचा मुद्दा वकील नेहमीच मांडतात. तो बहुतेक वेळा खराही असतो.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जागतिक मंदी आली तेव्हा ही वैयक्तिक मनाई अपुरी पडली आणि विधिमंडळांनी घाऊक मनाई केली. १९३३ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने गहाण घरे व शेते बुडवण्याची मुदत लांबवणारा कायदा केला, आणि १९३४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी टिकवला. पंजाबात १९०० च्या कायद्याने शेतकरी जमातींपुरती अटीच्या विक्रीची गहाणे आधीच बंद केली होती. १९३८ मध्ये तेथे जुन्या गहाणातल्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. बंगालच्या १९३५ च्या कायद्याने गावोगावी कर्जतडजोड मंडळे नेमली. त्या मंडळाची नोटीस आली की दिवाणी न्यायालयाला आपल्यापुढचे काम थांबवावे लागे. चॅन्सेलरने न्यायालयाचे काम रोखावे तसे हे गावच्या पंचांनी रोखणे होते. या स्थगितीमुळे ग्रामीण पतपुरवठा आटला अशी तक्रारही त्याच काळात झाली.

मनाई हे दुधारी शस्त्र आहे हे मान्य केले पाहिजे. मी ज्या ज्या जिल्ह्यांत होतो तेथे एक ठरावीक नाटक पाहिले आहे. लिलावाच्या आठवडाभर आधी पत्नी पतीविरुद्ध किंवा मुलगा बापाविरुद्ध वाटणीचा दावा लावतो, एकतर्फी 'जैसे थे' हुकूम मिळवतो, आणि दोघे एकाच स्कूटरवरून घरी जातात. संसदेने १९७६ च्या दुरुस्तीने एकतर्फी मनाईसाठी कारणे नोंदवणे आणि तीस दिवसांत तिचा निकाल लावण्याचा प्रयत्न करणे बंधनकारक केले. तरीही तारखा पडत राहिल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांनी स्थगिती आपोआप संपावी असे म्हटले, आणि २०२४ मध्ये घटनापीठाने ते फिरवले. वेळ संपल्याने हक्काचा निकाल लागत नाही, हे न्यायालयाला स्वतःच्याच बाबतीत मान्य करावे लागले.

थकलेल्या कर्जांच्या डोंगराखाली बँका दबत चालल्या होत्या, हे वास्तव होते. १९९३ मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणे आली. तीही तुंबली. मग २००२ चा सरफेसी कायदा. साठ दिवसांची नोटीस द्यायची, आणि पैसे आले नाहीत तर बँकेने न्यायालयात न जाता ताबा घ्यायचा आणि विकायचे. एक वर्ष, सहा महिने, साठ दिवस, असा हा प्रवास आहे, आणि आता मुदत मोजणारा धनको स्वतःच आहे. न्यायालयाविना विक्री ही कल्पना पूर्वीही होती, पण १८८२ च्या कायद्याच्या कलम ६९ ने तिला फार अरुंद चौकटीत ठेवले होते. त्या चौकटीतही, १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की लिलाव झाला तरी खरेदीखत नोंदवले जाईपर्यंत ऋणको पैसे भरून मालमत्ता सोडवू शकतो. सरफेसीखाली २०१६ च्या दुरुस्तीने तो क्षण मागे, लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापर्यंत, आणला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. शेतजमीन मात्र या कायद्यातून मुळातच वगळलेली आहे. १८७५ ची आठवण कुठेतरी राहिली असावी.

कलम ३४ ने दिवाणी न्यायालयाची मनाई थेट बंद केली. एप्रिल २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायदा टिकवला, पण अपिलासाठी ७५ टक्के रक्कम आधी भरण्याची अट रद्द केली, आणि एक फट ठेवली: बँकेची कृती लबाडीची असेल किंवा तिचा दावा उघडच निराधार असेल तर दिवाणी न्यायालय पाहू शकते. ही फट कितपत रुंद, यावर नंतरची वीस वर्षे वाद चालला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना बजावले की दुसरा उपाय असताना स्थगित्या वाटू नका. २०१३ मध्ये एका कुटुंबाने घर एकत्र कुटुंबाचे असल्याचे सांगून लावलेला दावा कलम ३४ मुळे चालणार नाही असे ठरले.

आणि जिल्हाधिकारी? तो या कायद्यात कलम १४ मधून, दंडाधिकारी म्हणून, परत आला. पण १८७९ सारखा जमीन सांभाळायला नव्हे. लागेल तेवढे बळ वापरून कुलूप उघडून द्यायला. हिशेब तपासण्याचा, हप्ते बांधण्याचा, इतरांचा हक्क ऐकण्याचा अधिकार त्याला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच म्हटले की या कलमाखालचे काम यांत्रिक स्वरूपाचे आहे, वाद ऐकणे त्यात बसत नाही. कायद्याच्या शब्दांप्रमाणे हे बरोबर आहे. फक्त ज्याच्या दाराशी लोक येतात त्याच अधिकाऱ्याला असे बहिरे करण्यामागचा विचार मला अजून नीट उमगलेला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या साऱ्याकडे पुन्हा पाहिले. सासऱ्यांच्या जमिनीत आपला हिस्सा आहे, कुटुंबातल्या एकाने ती परस्पर विकली आणि घेणाऱ्याने ती सेंट्रल बँकेकडे गहाण ठेवली, अशी एका सुनेची तक्रार होती. न्यायालयाने बँकेचे अपील फेटाळले. खरेदीखत आणि गहाण रद्द आहेत काय आणि मालकी कोणाची, हे ठरवणे न्यायाधिकरणाच्या अधिकारात नाही. ते दिवाणी न्यायालयाचेच काम आहे, असे ठरले. कर्ज देण्यापूर्वी मालकी तपासण्याच्या अहवालाचा एकसारखा नमुना रिझर्व्ह बँकेने इतरांच्या साहाय्याने तयार करावा, आणि चुकीच्या अहवालावर कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची जबाबदारी ठरवावी, असेही न्यायालयाने सुचवले. हा निकाल वाचताना मला सतरा वर्षांपूर्वीची ती जनसुनावणी आठवली.

त्या बाईच्या बाबतीत मी केले ते थोडेच होते. जागेवर प्रत्यक्ष ताबा कोणाचा याचा अहवाल तहसीलदाराकडून मागवला, त्यात तीन आठवडे गेले, आणि बँकेच्या अधिकाऱ्याने माझ्याविरुद्ध वर तक्रार केली. ती रास्त होती. दरम्यान जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने तिला वकील दिला आणि ताबा घेण्याच्या तारखेच्या तीन दिवस आधी उच्च न्यायालयाने जैसे थे हुकूम दिला. माझी नंतर बदली झाली. तो हुकूम चार वर्षे टिकला. तेवढ्या काळात व्याज मुद्दलापेक्षा मोठे झाले, दिराचे दुकान बंद पडले, आणि शेवटी बँकेने एकरकमी तडजोड स्वीकारली. घराचा पुढचा भाग विकून पैसे भरले गेले. त्या जिल्ह्यातल्या एका सहकाऱ्याने मला हे सांगितले तेव्हा अंगणात भिंत उभी राहिली होती, आणि मागच्या भागासाठी नगरपालिकेच्या नोंदवहीत बाईच्या नावाचा स्वतंत्र घर क्रमांक पडला होता.